नर्मदाकाठचा ‘आलिशान’ तंबू फसवा निघाला, तर दाद आपल्याच जिल्ह्यात

जबलपूर : भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार धबधबा, बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि दीडशे ते दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात कान्हा, पेंच व बांधवगडची जंगले. मध्य भारताच्या सहलीवर निघालेल्या मराठी कुटुंबांना जबलपूर टाळून पुढे जाता येत नाही. या प्रवाशांसाठी नदीकाठी, जलाशयालगत आणि जंगलाच्या सीमेवर हॉटेलखेरीज आणखी एक सोय पुढे आली आहे. ‘आलिशान तंबू’, ‘लक्झरी कॅम्प’ किंवा ‘ग्लॅम्पिंग’ अशा नावांनी तिची जाहिरात होते. छायाचित्रात पांढरीशुभ्र कनात, आत पलंग, मंद दिवे आणि समोर पाण्याचा पट्टा दिसतो. प्रत्यक्षात नदी दोन किलोमीटर दूर, स्नानगृह सामायिक, गरम पाणी केवळ तासभर आणि रात्रभर जनरेटरची घरघर असे चित्र असेल, तर सुटी आणि पैसे दोन्ही वाया जातात.

अशा वेळी बहुतेक पर्यटक चार कडू शब्द बोलून परततात. परक्या राज्यात तक्रार कोण करणार, तारखांना कोण जाणार, हा विचार त्यांना गप्प बसवतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने मात्र ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली आहे. पुण्यातील कुटुंबाचा जबलपुरातील मुक्काम फसला, तर त्याची तक्रार पुण्यातच दाखल करता येते.

‘आलिशान’ या शब्दाला माप नाही

तंबू आणि जबलपूर यांचे नाते जुने आहे. ठगीच्या बंदोबस्तामुळे इतिहासात नोंदले गेलेले इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांच्या काळात, १८३० च्या दशकात, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी येथे उद्योगशाळा सुरू झाली आणि तिच्यात तंबू व गालिचे तयार होऊ लागले. त्या काळी हिवाळी दौऱ्यावर निघणारे अधिकारी तंबूतच राहत आणि तेथूनच कारभार पाहत. त्याही आधी मोगल व मराठा सरदारांच्या छावण्यांत शामियाने, डेरे आणि राहुट्या यांची दर्जानुसार उतरंड असे. तंबू म्हणजे गैरसोय, असे समीकरण आपल्याकडे कधीच नव्हते. कापडी छताखालीही ऐषाराम शक्य आहे. मात्र त्यासाठी माणसे, पाणी, वीज आणि देखभाल यांवर खर्च करावा लागतो.

‘ग्लॅम्पिंग’ हा शब्द इंग्रजीतील ‘ग्लॅमर’ आणि ‘कॅम्पिंग’ यांच्या जोडणीतून आला. शब्द रूढ झाला, तरी त्याला कोणतेही कायदेशीर माप चिकटलेले नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारांकित दर्जा देते आणि तंबू-निवासासाठीही मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. परंतु हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. त्यामुळे एखाद्या कॅम्पने स्वतःला ‘पंचतारांकित’ म्हणवून घेतले, तर तो दर्जा कोणी व कधी दिला, हे विचारणे हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असायला हवा.

कराच्या बाबतीत मात्र कायद्याने तंबूला हॉटेलच्या पंक्तीत बसवले आहे. वस्तू व सेवा करातील ‘हॉटेल निवास’ या संज्ञेत हॉटेल, अतिथीगृह, क्लब यांबरोबर कॅम्पसाइटचाही स्पष्ट उल्लेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के, तर त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के कर लागू आहे. हॉटेलसारखा दर आणि हॉटेलसारखा कर घेणाऱ्या चालकाला ‘हा तर तंबू आहे’ एवढे सांगून जबाबदारी झटकता येत नाही.

निराशा आणि त्रुटी यांतील सीमारेषा

प्रत्येक गैरसोय म्हणजे कायद्याच्या अर्थाने त्रुटी नव्हे. जबलपुरात जानेवारीच्या रात्री तापमान दहा अंशांच्या खाली उतरते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कापडी भिंत दगडी भिंतीइतका बचाव करणार नाही. पहाटेचे दव, कीटक, वाऱ्याने फडफडणारी कनात हे तंबूच्या मुक्कामाचे अंगभूत भाग आहेत. कॅम्पचालकांचा हंगामही मोजक्या महिन्यांचा असतो आणि आडजागी पाणी, वीज पोहोचवण्याचा खर्च मोठा असतो. या बाबी तक्रार ऐकणाराही विचारात घेतो.

कायद्याची कसोटी वेगळ्या ठिकाणी लागते. अधिनियमाच्या कलम २(११) नुसार सेवेच्या गुणवत्तेत, स्वरूपात वा पद्धतीत दिलेल्या वचनाच्या तुलनेत आढळणारी उणीव म्हणजे ‘त्रुटी’. कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. खोटी हमी देणे आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे, या दोन्ही गोष्टी तिच्यात येतात. ‘स्वर्गीय अनुभव’ हा शब्दांचा फुलोरा ठरू शकतो. ‘प्रत्येक तंबूला जोडून स्नानगृह’, ‘चोवीस तास गरम पाणी’, ‘नर्मदेपासून ५० मीटर’ ही मात्र मोजता येणारी वचने आहेत. ती पाळली गेली नाहीत, तर ग्राहकाच्या बाजूने ठोस आधार उभा राहतो. म्हणूनच आरक्षणापूर्वी मोघम विशेषणांचे रूपांतर मोजता येणाऱ्या वचनांत करून घेणे, हीच खरी खबरदारी आहे.

आरक्षणापूर्वीचे प्रश्न

जबलपूर परिसरापुरते बोलायचे, तर काही प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला प्रश्न जागेचा. ‘भेडाघाटजवळ’ किंवा ‘कान्हाच्या कुशीत’ हे पुरेसे उत्तर नाही. नकाशावरील अचूक स्थान मागून घ्यावे आणि नदी, धबधबा किंवा उद्यानाचे प्रवेशद्वार यांपासूनचे रस्त्याने अंतर तपासावे. कान्हा जबलपूरपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. शहरालगतच्या तंबूतून पहाटेच्या सफारीला जाणे व्यवहार्य नाही.

दुसरा प्रश्न हंगामाचा. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा क्षेत्रातील पर्यटन विभाग पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो. भेडाघाटचा नौकाविहारही पावसाळ्यात थांबवला जातो. याच काळात ‘सफारी व नौकाविहारासह’ असे पॅकेज विकले जात असेल, तर त्यात नेमके काय मिळणार, हे लेखी घ्यावे. सफारीचे परवाने मर्यादित असतात आणि ते पर्यटकाच्या नावाने, ओळखपत्राच्या आधारे दिले जातात. त्यामुळे पॅकेजमधील परवाना आपल्या नावावर निघाला आहे का, याची खातरजमा प्रवासापूर्वीच करता येते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा आणि परवानगीचा. जानेवारी २०२१ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ तंबूत मुक्कामाला असलेल्या तरुणीचा रानहत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. वाराणसीत २०२३ च्या जानेवारीत गंगेच्या वाळूवर सुरू झालेली तंबूनगरी राष्ट्रीय हरित लवादापुढे वादाचा विषय ठरली. जंगलालगत किंवा नदीपात्राजवळ तंबू ठोकले आहेत, म्हणजे त्यांना परवानगी असेलच असे नाही. स्थानिक संस्थेची परवानगी, अग्निशमनाची साधने, रात्रीचा पहारा, जवळच्या रुग्णालयाचे अंतर आणि भोजनगृहाचा चौदा अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक यांची विचारणा करण्यात संकोच नसावा.

पडद्यावरील घाई आणि प्रशस्ती

आरक्षण आता बहुतांशी मोबाइलवर होते आणि फसगतीची सुरुवातही तेथेच होते. ‘शेवटचा एकच तंबू शिल्लक’ अशी खोटी निकड निर्माण करणे, नकळत जादा सेवा बिलात घालणे, शेवटच्या टप्प्यावर किंमत वाढवणे अशा १३ क्लृप्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे मज्जाव केला आहे. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून प्रशस्ती लिहिणे निषिद्ध आहे. याच नियमांनुसार आरक्षण मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते.

समाजमाध्यमांवरील प्रभावकांच्या चित्रफितींनाही हे बंधन लागू आहे. पैसे, मोफत मुक्काम किंवा अन्य लाभ घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्टपणे जाहीर करणे आवश्यक आहे. याची जगभर गाजलेली साक्ष म्हणजे एप्रिल २०१७ मधील बहामातील ‘फायर फेस्टिव्हल’. नामवंत मॉडेलांच्या प्रसिद्धीवर आलिशान निवासाची तिकिटे विकली गेली. बेटावर उतरलेल्या पाहुण्यांना मात्र आपत्तीग्रस्तांसाठी वापरतात तसले तंबू आणि ओल्या गाद्या मिळाल्या. संयोजक बिली मॅकफारलँड याला २०१८ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा सुनावली. एवढा मोठा घोटाळा विरळा असला, तरी छायाचित्र आणि वास्तव यांतील दरी विकण्याची पद्धत लहान प्रमाणातही तीच असते.

मुक्कामाच्या ठिकाणी काय करावे

तक्रारीचे यश पुराव्यावर अवलंबून असते आणि पुरावा मुक्कामाच्या ठिकाणीच गोळा होतो. जाहिरातीचे व आरक्षण-पानाचे स्क्रीनशॉट निघण्यापूर्वीच जतन करावेत. नंतर मजकूर बदलला जाऊ शकतो. पोहोचल्यावर वचन आणि वास्तव यांत तफावत दिसली, तर तारीख व वेळ नोंदवली जाईल अशी छायाचित्रे, चित्रफिती घ्याव्यात. व्यवस्थापकाला तोंडी सांगून न थांबता व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर लेखी कळवावे आणि दुरुस्तीची संधी द्यावी. ही संधी न देता थेट निघून आलेल्या ग्राहकाची बाजू कमकुवत पडते. पक्के बिल मागून घ्यावे. बिल नाकारणे हीदेखील कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दाद मागण्याची वाट

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ या क्रमांकावर मराठीसह विविध भारतीय भाषांत तक्रार नोंदवता येते आणि ती संबंधित व्यावसायिकाकडे पाठवली जाते. येथे तडजोड झाली, तर पुढचा व्याप वाचतो. जाहिरातच दिशाभूल करणारी असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. अशा जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, तर पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड ग्राहकाच्या हाती येत नाही. पुढच्या पर्यटकाची फसगत मात्र टळू शकते.

स्वतःचे पैसे परत हवे असतील, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. १९८६ च्या जुन्या कायद्यात विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा वादाचे कारण जिथे घडले ते ठिकाण महत्त्वाचे होते. २०१९ च्या अधिनियमाने कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, ते ठिकाणही जोडले. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि ती ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही भरावे लागत नाही. समजा, तीन रात्रींसाठी एखाद्या कुटुंबाने ४५ हजार रुपये मोजले. त्याला आपल्याच जिल्ह्यात, विनाशुल्क तक्रार करता येईल. वकील देण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ मंचावर कागदपत्रे ऑनलाइन दाखल करता येतात आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते.

तक्रारीत कॅम्पचालकाबरोबर आरक्षण मंचालाही पक्षकार करणे हिताचे असते. मंच ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असा बचाव घेऊ शकतो. त्याची जबाबदारी किती, हे आयोग प्रकरणागणिक ठरवतो. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाच्या अनुमतीने आणखी १५ दिवस मिळतात. आयोग रक्कम परत करण्याचा, नुकसानभरपाईचा व खर्चाचा आदेश देऊ शकतो. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, हेही लक्षात ठेवलेले बरे. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल होणे मात्र आवश्यक आहे.

हा प्रश्न केवळ जबलपूरचा नाही. पवना धरणाच्या काठापासून भंडारदऱ्यापर्यंत महाराष्ट्रातही तंबूंच्या वसाहती वाढल्या आहेत आणि तेथील पाहुण्यालाही हेच हक्क लागू आहेत. चोख सेवा देणाऱ्या कॅम्पचालकाला या कायद्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. उलट, जाहिरातीतील प्रत्येक वचनाचा हिशेब मागणारे ग्राहक वाढले, तर त्याचा लाभ अशाच प्रामाणिक चालकांना होईल.