सहा वर्षे, तीन महिने

वाइन पिंपात भरली की पिंप काठोकाठ भरलेले ठेवायचे, हा वाइन करणाऱ्यांच्या जगातला जवळजवळ पहिला नियम. लाकडातून थोडी वाइन उडून जातेच; ती तूट वेळोवेळी भरून काढायची, नाहीतर रिकाम्या जागेत हवा साचते आणि वाइनचे व्हिनेगर होण्याची भीती असते. पूर्व फ्रान्समध्ये, बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्या मधोमध, ज्युरा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथले बागाईतदार साव्हान्यँ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनसाठी हा नियम जाणूनबुजून मोडतात. जुन्या ओकच्या पिंपात वाइन भरायची आणि तूट भरायचीच नाही. पातळी उतरत जाते आणि वर यीस्टचा पातळ, करडा पापुद्रा धरतो, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. हवा आत येते, पण या सायीतून गाळून, अगदी बेताने. अशी मुरलेली वाइन म्हणजे ‘व्हँ झोन’, शब्दशः पिवळी वाइन.

काढणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत ती मुरलीच पाहिजे, असा कायदा आहे. त्यातले किमान 60 महिने सायीखाली. लोक ढोबळपणे सहा वर्षे तीन महिने म्हणतात. तिची बाटलीही वेगळी, बसकी, 62 सेंटिलिटरची. एक लिटर वाइन पिंपात घातली तर अखेरीस एवढीच उरते, असा त्या मापामागचा हिशेब सांगतात.

ही साय आणि व्हिनेगर करणारा थर दिसायला सख्खे शेजारी. त्यांच्यातला फरक सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्यांत लुई पाश्चर होते, आणि ते इथलेच. बालपण आर्बुआ गावात गेले, वाइनच्या रोगांवरचे संशोधनही त्यांनी तिथे केले, आणि 1874 मध्ये गावाजवळ स्वतःचा छोटा द्राक्षमळा घेतला. पण विज्ञान कळले म्हणून धोका टळत नाही. एकाच तळघरात शेजारी ठेवलेल्या दोन पिंपांपैकी एकावर साय नीट धरते, दुसरे आंबटाकडे झुकते. म्हणून बागाईतदार ठरावीक काळाने प्रत्येक पिंपातला नमुना काढून आम्लता तपासतात. घसरू लागलेले पिंप लवकर काढून साध्या वाइनमध्ये खपवायचे. अगदीच हाताबाहेर गेले तर व्हिनेगर.

चवीबद्दल एक गंमत मराठी वाचकाला सांगायलाच हवी. युरोपातले जाणकार या वाइनचे वर्णन करताना अक्रोडाच्या जोडीला ‘करी’ हा शब्द वापरतात. ती नुसती कविकल्पना नाही. सायीखाली मुरताना वाइनमध्ये सोटोलॉन नावाचे संयुग वाढते, आणि मेथीदाण्याचा खास वासही याच सोटोलॉनचा. मेथीच्या लाडवांचा डबा उघडताना नाकाला जे कळते, त्याचाच एक धागा आर्बुआच्या तळघरात सापडतो.

आता तिच्या सोबतीला काय खातात, हे पाहू. ज्युरात उत्तर एकच मिळते : काँते चीज. एका मातीतले पदार्थ एकमेकांना शोभतात, हे वाक्य वाइनच्या पुस्तकांत इतके गुळगुळीत झाले आहे, की त्यामागचे अर्थकारण दिसेनासे होते. ज्युराच्या उतारांवर द्राक्षमळे आणि वरच्या पठारांवर गाईंची कुरणे. हिवाळा लांब, बर्फाचा. उन्हाळ्यातले दूध टिकवायचे तर मोठे, घट्ट चीज करणे भाग. अशा साधारण 40 किलोच्या एका चाकाला 400 लिटर दूध लागते, आणि एका घरच्या चार-पाच गाई तेवढे देत नाहीत. म्हणून मध्ययुगापासून शेजाऱ्यांनी दूध एकत्र करायची पद्धत पडली. तिला ‘फ्रुइतिएर’ म्हणतात. पुढे फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षांची मुळे खाल्ली; एकोणिसाव्या शतकात वीस हजार हेक्टरांच्या घरात असलेले मळे आज दोन हजारांच्या आसपास आहेत. त्या पडझडीनंतर, 1906 मध्ये, आर्बुआच्या बागाईतदारांनी वाइनसाठी सहकारी संस्था काढली, तेव्हा नाव घेतले तेच, गवळ्यांचे : फ्रुइतिएर.

जोडी जमते ती मात्र वयाने. चार-सहा महिन्यांचे काँते दुधाळ आणि गोडसर. व्हँ झोनपुढे ते पार दबून जाते, त्याला तिथलीच साधी शार्दोने बरी. दीड वर्ष किंवा अधिक मुरलेल्या काँतेत खारटपणा आणि अक्रोडासारखी चव उतरते. त्याची चरबी वाइनची धार बोथट करते आणि वाइनची आम्लता जिभेवरचा तुपकटपणा धुऊन काढते. वाइन बर्फगार करू नये, तळघराइतकी थंड पुरे. उघडलेली बाटली कित्येक आठवडे टिकते; हवेचे जे व्हायचे ते आधीच झालेले असते.

दुसरी जोडी कोंबडीची : साय, मोरेल अळंबी आणि व्हँ झोन घालून शिजवलेली. पातेल्यात अख्खी बाटली ओता म्हणणारी कृती बिल न भरणाऱ्याने लिहिली असावी. तिथल्या स्वयंपाकघरांतून पुष्कळदा भांड्यात साधी साव्हान्यँ जाते आणि व्हँ झोन पेल्यात येते.

कारण ती महागच असणार. मोजक्या हेक्टरांच्या घराने या वर्षीच्या श्रमाचे पैसे सातव्या वर्षी पाहायचे, तोवर फेसाळ क्रेमाँ आणि पुल्सारची फिकट लाल वाइन विकून घर चालवायचे. फ्रान्सच्या कायद्यात सगळ्या मुलांना समान वाटा. मळा चालवू पाहणाऱ्या भावंडाला इतरांचे हिस्से विकत घ्यायचे असतात, आणि पैसा तर पिंपांत अडकलेला. तरीही शातो-शालाँच्या उत्पादकांनी 1974, 1980, 1984 आणि 2001 साली द्राक्ष मनाजोगते नाही म्हणून गावाचे नाव बाटलीवर लावलेच नाही. त्या गावाच्या नावाने फक्त व्हँ झोनच विकता येते, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराची किंमत कळते.

एप्रिल 2021 मध्ये कडाक्याच्या थंडीने ज्युरातले कोवळे फुटवे करपले आणि पीक फार थोडे हाती आले. त्या वर्षीची जी थोडी साव्हान्यँ पिंपांत सायीखाली ठेवली गेली, तिची मुदत 15 डिसेंबर 2027 ला पुरी होते.