‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ : पोर्टलची परीक्षा कधी घ्यावी, रोज की अधूनमधून?

मोहगाव : सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात ऑनलाइन केंद्रावर गेलेल्या माणसाला हे वाक्य नवं नाही. “सर्व्हर डाउन आहे भाऊ, उद्या या.” मजुरी बुडवून आलेला माणूस कागद घडी करतो अन् परत जातो. शेवटची तारीख मात्र थांबत नाही. 2025 पासून हमीभावाने कापूस द्यायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते. म्हणजे अ‍ॅपचा वेग हा आता थेट शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न झाला आहे.

चालतं, पण गर्दीत चालतं का?

फॉर्म बरोबर भरला जातो का, ही एक तपासणी. एकाच वेळी हजारो लोक आले तर तो किती वेळात भरला जातो, ही दुसरी. या दुसरीला परफॉर्मन्स टेस्टिंग म्हणतात. जेमीटरसारखं मोफत साधन संगणकावर खोटी गर्दी उभी करतं आणि पोर्टल कुठे अडकतं ते दाखवतं.

ही चाचणी दोन तऱ्हेने होते. पहिली अनौपचारिक. प्रोग्रामरने काही बदललं, शंका आली, लगेच चालवून पाहिलं. ना तारीख, ना अहवाल. दुसरी वेळापत्रकाची. दर रात्री, दर आठवड्याला किंवा नवी आवृत्ती निघण्याआधी तीच गर्दी, तीच पायरी, आणि निकालाची मागच्या निकालाशी तुलना.

कोणती कधी?

अनौपचारिक चाचणी स्वस्त आणि झटपट. चूक नवी असतानाच सापडते. पण मागची नोंद नसते. पान दर आठवड्याला थोडं थोडं मंद होत गेलं, तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही. शिवाय कामाची घाई वाढली की सगळ्यात आधी हीच चाचणी राहून जाते.

वेळापत्रकाच्या चाचणीला खर्च आहे. खऱ्यासारखा वेगळा सर्व्हर लागतो, निकाल वाचणारा माणूस लागतो. अहवाल कोणी उघडलाच नाही तर ती नुसती हजेरी ठरते.

निकाल वाचतानाही सावध राहावं लागतं. समजा, 100 जणांपैकी 95 जणांचं पान 2 सेकंदांत उघडलं आणि 5 जणांना 60 सेकंद लागले. सरासरी निघते 4.9 सेकंद. कागदावर ठीक दिसतं, पण पाच माणसं मिनिटभर ताटकळली. म्हणून सरासरीसोबत सगळ्यात मागे राहिलेल्यांचा वेळही पाहायचा.

दोन तारखांचा धडा

16 जुलै 2021 रोजी दुपारी 1 वाजता महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा निकाल लागला. संकेतस्थळं कित्येक तास ठप्प होती. विद्यार्थी 15 लाखांहून अधिक, वेळ आधीच जाहीर. त्याच वर्षी 28 एप्रिलला दुपारी 4 वाजता 18 ते 44 वयोगटासाठी कोविनवर नोंदणी उघडली. सुरुवातीलाच पोर्टल अडखळलं, तरी दिवसअखेर एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. म्हणजे खरी परीक्षा दिवसभराच्या आकड्याची नव्हती, पहिल्या काही मिनिटांच्या लोंढ्याची होती.

महाशिवरात्रीला मोहगावच्या अर्धनारीश्वर मंदिरात गर्दी होणार, हे पंचांग उघडलं की कळतं. रांगेची सोय त्या सकाळी करून भागत नाही. पोर्टलचंही तसंच. ज्या गर्दीची तारीख ठाऊक आहे, तिथे वेळापत्रकाचीच चाचणी हवी. तीही काही आठवडे आधी, म्हणजे दुरुस्तीला वेळ उरतो. रोजच्या बारीकसारीक बदलांना अनौपचारिक चाचणी पुरते. दोनपैकी एक निवडण्यापेक्षा, घाईतली तपासणी नियमित तपासणीची जागा घेणार नाही, एवढं पाहायचं.

तोवर अर्जदाराच्या हाती एकच उपाय : शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. त्या दिवशी सगळेच येतात.