गार पाण्यातला गळ : थंडीत बास माशासाठी आमिष कसं निवडावं

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की थंडीत मासे धरायला जातं कोण? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतले पुष्कळ हौशी लोक ऑक्टोबर लागला की बोटी झाकून ठेवतात. आम्हीही पहिली काही वर्षं तेच केलं. मग एका डिसेंबरात हिय्या करून गेलो. उन्हाळ्यातली सगळी आमिषं बरोबर नेली, उन्हाळ्याच्याच वेगानं ओढली आणि दोन दिवसांनी हात हलवत परत आलो. मासे नव्हते म्हणावं, तर शेजारच्या बोटीतले एक वयस्क गृहस्थ थोड्या थोड्या वेळानं मासा काढत होते आणि सोडून देत होते. त्यांचं आमिष आम्ही नीट पाहून ठेवलं, संध्याकाळी दुकानातून तस्संच आणलं, दुसऱ्या दिवशी तेच टाकलं. तरीही काही नाही. त्यांनी काय टाकलं ते आम्ही पाहिलं होतं, पण टाकल्यावर ते किती वेळ थांबत होते, हे पाहिलंच नव्हतं.

आजच्या व्याख्यानाचा मुद्दा एवढाच आहे. गार पाण्यात आमिषाची निवड म्हणजे मुख्यतः वेगाची निवड. रंग, आकार, कंपनी हे सगळं त्यानंतर.

एक तळं डोळ्यांसमोर ठेवू

नुसतं ‘थंडी’ म्हटलं तर काही कळत नाही. फ्लोरिडातली थंडी वेगळी, मिनेसोटातली वेगळी. म्हणून आपण एकच जागा घेऊ : मिसूरी राज्यातला टेबल रॉक जलाशय. व्हाइट नदीवरचं हे धरण १९५८ साली पुरं झालं. ओझार्क डोंगररांगांमधला हा जलाशय खोल, स्वच्छ पाण्याचा आणि खडकाळ काठांचा आहे. पाण्याखाली बुडालेली झाडं अजून उभी आहेत. इथं बासच्या तिन्ही जाती मिळतात : लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड. थंडी कडक असली तरी जलाशयाचा मोठा भाग सहसा गोठत नाही, त्यामुळे हिवाळाभर बोट घालता येते. इथं जे शिकता येतं ते अशाच इतर खोल, स्वच्छ जलाशयांना थोड्याफार फरकानं लागू पडतं.

माशाच्या अंगात काय होतं

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाण्याचं तापमान तेच जवळपास त्याच्या शरीराचं तापमान. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसनं उतरलं की शरीरातल्या क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. उन्हाळ्यात गिळलेला मासा बास लवकर पचवतो, हिवाळ्यात त्याच घासाला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे भूक कमी, धाव कमी. पण भूक संपलेली नसते. लांब पाठलाग करण्यात जितकी ताकद जाईल तितकी त्या घासातून परत मिळणार नाही, म्हणून तो पाठलाग टाळतो. तोंडासमोर आलेलं, सहज मिळणारं खाणं मात्र तो सोडत नाही.

आता ‘सहज मिळणारं खाणं’ म्हणजे काय? या जलाशयात शॅड नावाचे चंदेरी, थव्यानं फिरणारे छोटे मासे आहेत. त्यातल्या थ्रेडफिन जातीच्या शॅडला थंडी सोसत नाही. पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागलं की ते अर्धमेले होतात आणि मरू लागतात. मरणारा शॅड कसा दिसतो? जरा फडफडतो, थांबतो, एका जागी तरंगत राहतो, पुन्हा एकदा थरथरतो. हे चित्र लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

पाण्यात काय होतं

उन्हाळ्यात अशा जलाशयात पाण्याचे थर पडतात. वर कोमट, खाली गार, आणि खालच्या थरात प्राणवायू कमी. शरद ऋतूत वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसतं. हळूहळू थर मोडतात आणि सगळं पाणी ढवळून निघतं. या काळात काही दिवस मासेमारी अगदी बेभरवशाची होते. अनुभवी लोकसुद्धा वैतागतात. त्यात तुमच्या आमिषाचा दोष नसतो. पाण्याचा रंग गढूळ, हिरवट-करडा दिसला, वास आला, तर सरळ जलाशयाच्या दुसऱ्या भागात जावं. सगळीकडे हे एकाच दिवशी होत नाही.

पाणी एकदा नीट मिसळलं की खोलवरही प्राणवायू पोचतो आणि माशाला कुठंही राहता येतं. मग तो बहुधा उतार तीव्र असलेला काठ धरतो. त्याचं कारण सोपं आहे : सपाट काठावर दहा फूट खोल जायचं तर लांबवर पोहावं लागतं. कड्याशी असेल तर जागच्या जागी वर-खाली होता येतं. कष्ट वाचतात.

तापमानाप्रमाणे तीन टप्पे

तापमापक हे थंडीतलं पहिलं साधन. बोटीवरच्या सोनारवर आकडा दिसतोच. काठावरून गळ टाकणाऱ्यांनी साधा तापमापक दोरीला बांधून सोडावा. मात्र उन्हाच्या दुपारी वरचं पाणी दोन-चार अंश जास्त दाखवतं, म्हणून सकाळचा आकडा खरा मानावा.

पहिला टप्पा, ६५ ते ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १८ ते १३ सेल्सिअस. शॅडचे थवे मुख्य पात्रातून खाड्यांसारख्या आत गेलेल्या ओढ्यांकडे सरकतात आणि बास त्यांच्या मागं जातो. तो अजून धावतो. इथं वेगाची आमिषं चालतात : स्पिनरबेट, उथळ क्रँकबेट, सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारी आमिषं. काम शोधण्याचं आहे, भराभर टाकत पुढं जायचं.

दुसरा टप्पा, ५५ ते ४८ अंश. आता वेग अर्ध्यावर आणायचा. मध्यम खोलीचे क्रँकबेट खडकांना टेकत, अडखळत ओढायचे. बहुतेक पुस्तकी सल्ला सांगतो, की गार पाण्यात कमी हलणारं, अरुंद डोलणारं आमिष घ्या. शॅड रॅप त्या प्रकारचं. पण ओझार्कमध्ये विगल वॉर्ट नावाचं जुनं, वेडंवाकडं डोलणारं आमिष लोक जिवापाड जपतात, विशेषतः पाणी जरा गढूळ असताना. म्हणजे नियम आहे, पण तो दगडावर कोरलेला नाही. याच टप्प्यात जिग उपयोगी पडतो : शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, त्याला झालर, मागं मऊ प्लास्टिकचा तुकडा. तो क्रॉफिशची नक्कल करतो. क्रॉफिश म्हणजे शेवंडासारखा दिसणारा, पण बोटाएवढा, गोड्या पाण्यातला प्राणी. जिग ओढायचा नाही, तळावरून सरकवायचा. रंग तपकिरी, हिरवट, थोडा नारिंगी.

तिसरा टप्पा, ४८ च्या खाली. खरी थंडी इथून सुरू होते, आणि त्या गृहस्थांचं गुपितही इथलंच.

थांबणारं आमिष

त्यांच्या हातात होता जर्कबेट. लांबट, बारीक, माशाच्या आकाराचा, पुढं छोटी जीभ असलेला. यातला ‘सस्पेंडिंग’ प्रकार घ्यायचा. तो ओढणं थांबवल्यावर वर येत नाही, बुडतही नाही, आहे तिथं लटकून राहतो. असे तयार मिळू लागण्याआधी ओझार्कमधले लोक तरंगणाऱ्या जर्कबेटमध्ये वजन घालून घरीच ते जमवत. आजही वजनाच्या चिकटपट्ट्या मिळतात.

इथं एक बारीक गोष्ट आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. म्हणून उन्हाळ्यात बरोबर लटकणारा जर्कबेट जानेवारीत हळूहळू वर येऊ लागतो. फरक अगदी थोडा, पण अर्धमेला शॅड वर उसळत नाही, हे बासला ठाऊक आहे. म्हणून रोज सकाळी बोटीच्या कडेला आमिष पाण्यात धरून पाहा. तोंड किंचित खाली करून स्थिर राहिलं की ठीक. वर येत असेल तर पोटाला एक चिकटपट्टी लावा, किंवा पुढचा गळ एका मापानं जाड घ्या.

आता पद्धत. तंगूस फ्लुरोकार्बनचा, ८ ते १० पौंडी. तो पाण्यात बुडतो, त्यामुळे आमिष खोल जातं. साधा नायलॉन इतका बुडत नाही. लांब टाका, रीळ पाच-सहा वेळा फिरवून आमिष खाली न्या. मग रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून दोन हलके झटके द्या, आणि झटका दिल्याबरोबर तंगूस सैल सोडा. ताणलेल्या तंगुसावर आमिष पुढं सरकतं, सैल तंगुसावर ते जागच्या जागी मान वळवतं. मग थांबा.

किती थांबायचं? पाणी ५० अंशांवर असेल तर मनात पाच आकडे. ४५ ला दहा-बारा. ४० च्या आसपास वीस, कधी तीसही. हे आकडे आमच्या अनुभवाचे, शास्त्र नव्हे. पण मोजाच, आणि मोठ्यानं मोजा. कारण मन फसवतं : आपल्याला दहा वाटतात ते चार असतात. घड्याळ लावून पाहिल्यावर आमची पहिल्या वर्षातली चूक आम्हाला कळली. बास बहुतेक वेळा या थांबण्यातच घेतो. झटका बसत नाही, नुसतं जड वाटतं, जणू ओलं पान अडकलं. शंका आली की रॉड बाजूला ओढा.

शॅडचं ते मरतानाचं चित्र आठवा. फडफड, थांबणं, पुन्हा थरथर. जर्कबेट अगदी तेच करतो.

जर्कबेट चालला नाही, तर मासे खोल आहेत. सोनारवर शॅडचा ढग आणि त्याखाली रेघा दिसल्या तर सरळ खाली सोडायचा जिगिंग स्पून, धातूची चपटी पट्टी. फूटभर उचलायचा आणि पडू द्यायचा. घास पडतानाच लागतो. मात्र तीस फुटांहून खोल असलेला मासा भराभर वर आणला तर त्याची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर तो परत खाली जाऊ शकत नाही. मासे सोडूनच द्यायचे असतील तर फार खोल असलेल्यांच्या मागं लागू नका. दुसरा पर्याय नेड रिग : अडीच-तीन इंचांचा प्लास्टिकचा तुकडा, हलकं मशरूमसारखं डोकं, जवळजवळ न हलवता तळावर ठेवायचा. दिसायला काहीच नाही, पण स्मॉलमाउथला चालतो.

थंडी आपल्यालाही लागू आहे

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. एका जानेवारीत सकाळी आमच्यातला एक जण बोटीच्या डेकवर जमलेल्या दहिवरावरून घसरला आणि पाण्यात गेला. अंगात लाइफ जॅकेट होतं. आम्ही दोर टाकला, तो पाच फुटांवर होता. पहिल्यांदा त्याला बोलता येईना, नुसता धापा टाकत होता. मग दोर हातात आला, पण बोटं मिटेनात. शेवटी आम्ही जॅकेटच्या पट्ट्याला धरून त्याला वर घेतलं. हे सगळं पाच-सहा मिनिटांत झालं. तो उत्तम पोहणारा माणूस आहे. जॅकेट नसतं तर त्या पोहण्याचा काही उपयोग नव्हता.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी एक सोपं सूत्र लोकांपर्यंत पोचवलं : १-१०-१. गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट. हातपाय कामाचे राहतील अशी साधारण दहा मिनिटं. आणि शुद्ध हरपण्याआधी साधारण एक तास. म्हणजे बहुतेक माणसं गारठून मरत नाहीत, त्याआधीच हात चालेनासे होऊन बुडतात. जॅकेट पेटीत ठेवून उपयोग नाही, पडल्यावर ते घालता येत नाही. २६ फुटांहून लहान मोटरबोट वेगानं चालवताना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला जोडणं अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानं सक्तीचं आहे, तीही जोडा. डेकवर चढण्याची शिडी आधी तपासा. कोरड्या कपड्यांची पिशवी ठेवा. एकटे जाऊ नका.

दोन प्रश्न

नेहमी विचारलं जातं, जिवंत आमिष का नको? परवानगी असेल तिथं चालतं, नियम राज्याप्रमाणे बदलतात. पण मासा ते खोल गिळतो आणि मग त्याला इजा न करता सोडणं अवघड जातं.

दुसरा प्रश्न महाराष्ट्रातल्या श्रोत्यांचा : आपल्या धरणात बास सोडला तर? कृपा करून नको. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा, आणि शिकारी. जपानमध्ये हौसेपायी पसरलेला लार्जमाउथ तिथल्या देशी माशांवर उठला. २००५ पासून तिथं त्याची आयात, पालन आणि पाण्यात सोडणं यांवर कायद्यानं बंदी आहे. गळाची हौस असेल तर आपल्याकडच्या माशांवर भागवावी. कोकणात गरी टाकून बसणाऱ्यांना थांबणं म्हणजे काय हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तर मंडळी, येत्या थंडीत जाणार असाल तर पेटीत नवीन काही भरण्याआधी आहे तेच आमिष निम्म्या वेगानं ओढून पाहा. आणि थांबाल तेव्हा मोठ्यानं मोजा. शेजारच्या बोटीतले हसतील, हसू द्या. जॅकेट मात्र घाला.