नऊ ते पाच घरी असतं कोण?

टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारा वीजमीटर घरी बसला की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सूट. १ जुलै २०२५ पासूनची ही सवलत आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. मीटर चांगला की वाईट, यावर भांडणंही भरपूर झाली. पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत मात्र प्रश्न वेगळाच आहे: त्या वेळेत घरी असतं कोण?

पहिली पाळी भल्या पहाटे कंपनीच्या बसने चाकणला गेलेली. नवरा-बायको दोघंही नोकरीला, त्या फ्लॅटला कुलूप. उरतात आजी-आजोबा आणि नाइट करून आलेला, जाड पडदे ओढून झोपलेला माणूस. स्वस्त विजेत वॉशिंग मशीन लावावं, तर त्याच्या झोपेचं खोबरं. आणि वाचणार किती? धुण्याला पाव युनिट धरलं, तर रोज लावूनही महिन्याला सहा-सात रुपये. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं, पण सहाच्या पाळीला निघणारा अंघोळ दहाला कशी करणार?

खरा पैसा आहे तो सोसायटीच्या पंपात. साडेसात एचपीची मोटर चार तास चालली तर बावीस युनिट, म्हणजे दिवसाला अठरा ते बावीस रुपये सूट, महिन्याला साडेपाचशे-साडेसहाशे. पण पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून पाणी दिवसाआड. सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाणी आलं’ पडलं की, वेळ कुठलीही असो, वॉचमन धावतो, मोटर दाबतो, ओव्हरफ्लोची धार खाली पार्किंगमध्ये पडली की बंद करतो. खालची टाकी मोठी असेल, तर गच्चीवरच्या टाक्या पाचच्या आत भरून ठेवता येतील. एक साधा टायमर आणि लेव्हल सेन्सर पुरे. सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या वादावर तास घालवणाऱ्यांनी त्यातली दहा मिनिटं या टायमरला द्यायला हरकत नाही.

सूट दिवसाच का, याचं उत्तर उन्हात आहे. राज्यात सौर वीज वाढते आहे, शेतीपंपही सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा चालवायचे आहेत. दुपारी वीज मुबलक, दिवेलागणीला ओढाताण. पूर्वी उलटं होतं. उद्योगांना सूट मिळायची ती रात्रीच्या विजेवर, म्हणून भट्टी रात्री पेटवणं परवडायचं. आता उद्योगांची सूटही दिवसावर सरकली आहे.

घरच्या गिझरपेक्षा मोशीला उद्योगांच्या सुटीतला हा बदल जास्त जाणवेल, असं मला वाटतं. भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराने भट्टी दिवसा घेतली, तर तिथल्या मोशीकर कामगाराची नाइट सुटेल. झोप मिळेल, पण रात्रपाळीचा भत्ता मिळत असेल तर तो जाईल. आणि फ्लॅटचा हप्ता त्याच भत्त्यावर बसवलेला असला, तर युनिटमागच्या ८० पैशांचं त्याला काय कौतुक!