विंचवावरची गोळी लिहायची कशी?

जांभ्याचे गडगे, वाडीत साचलेल्या झावळ्या, पडवीतली लाकडं. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे लाल विंचवाला एवढा आसरा पुरतो. उन्हाळ्यात नाहीतर पावसाच्या तोंडावर तो चावतो आणि पोर दवाखान्यात येतं ते वांत्या करत, घामाने निथळत. हातपाय मात्र गारठलेले. नवा डॉक्टर गडबडतो. घाम आणि लाळ बघून ॲट्रोपिन, शिवाय 'असू दे' म्हणून एक स्टिरॉइड, एक ॲलर्जीचं इंजेक्शन. ॲट्रोपिनने आधीच उधळलेलं हृदय आणखी उधळतं. बाकीच्या दोन इंजेक्शनांनी विषाचं काहीच बिघडत नाही.

याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून असे रुग्ण बघत होते. विषामुळे मज्जातंतू सतत पेटते राहतात, ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. तेव्हा आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात, आणि त्यासाठी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी होतीच. त्यांची विंचूदंशावरची निरीक्षणं १९८२ पासून 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. गंभीर रुग्णांमधला मृत्यूदर ४० टक्क्यांच्या घरात होता, तो या गोळीमुळे ५ टक्क्यांच्या खाली आला. जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या त्यांच्याच अभ्यासाने दाखवलं.

बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, सत्कारही झाले. पण ही गोष्ट सत्कारापेक्षा फार्माकॉलॉजीच्या वर्गात जास्त शोभेल.

या विषयाच्या प्रात्यक्षिकात एके काळी मुलं मलमं घोटत आणि मिक्श्चरं ढवळत. डॉक्टर झाल्यावर त्यातलं काहीच करावं लागत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली, तिच्यातला क्रम साधा आहे: आजार ठरवा, उपचाराने काय साधायचंय ते ठरवा, औषध निवडा, नीट लिहा, रुग्णाला समजावून सांगा, मग परिणाम बघा. नेहमीच्या आजारांसाठी आपली मोजकी औषधं आधीच पारखून ठेवा, हा त्यामागचा आग्रह. आपल्याकडे एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात हे आलं. कंपनीच्या एमआरकडून खरी माहिती कशी काढून घ्यावी, हेसुद्धा आता शिकवायचं आहे!

प्राझोसिनवर हा क्रम घासून बघा. पोराचं वजन १५ किलो. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम धरले तर डोस ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या गोळीची जेमतेम अर्धी. 'मायक्रोग्रॅम' गिचमिड अक्षरात लिहिला आणि वाचणाऱ्याने मिलिग्रॅम समजला, तर डोस हजारपट. दुसरी गोम दुकानात आहे. हेच औषध साध्या गोळीत मिळतं, तसंच हळूहळू विरघळणाऱ्या गोळीतही. ही दुसरी गोळी मोडायची किंवा कुटायची नसते. चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव असेल तर समोर कुठली गोळी येईल याचा भरवसा नाही. म्हणून औषधाचं मूळ नाव, गोळीचा प्रकार, ताकद, सगळं सुवाच्य हवं.

आणि आईशी बोलणं. गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. 'ताई, कितीही रडला तरी उचलून कडेवर घेऊ नका, आडवाच राहू दे,' हे वाक्य डोसाइतकंच औषधाचा भाग आहे. दर तीन तासांनी पुन्हा डोस, तो हातपाय उबदार होईपर्यंत. म्हणजे परिणाम मोजायला यंत्रही लागत नाही, पोराच्या तळपायाला हात लावून बघायचं. (हे सगळं दवाखान्यातच, घरी कुणी ही गोळी देऊ नये.)

अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या तोंडी परीक्षेत प्राझोसिनचं वर्गीकरण जरूर विचारा. पण त्याआधी विद्यार्थ्यापुढे कोरा कागद ठेवा, पोराचं वजन सांगा, आणि कोणती इंजेक्शनं देणार नाही तेही लिहायला लावा.