सोळा अंक, पण संख्या नव्हे

कार्डावरचे सोळा अंक (अमेरिकन एक्स्प्रेसचे पंधरा) सॉफ्टवेअरमध्ये मजकूर म्हणून ठेवावेत. त्यांची बेरीज कुणालाच करायची नसते. ०४२ हा सीव्हीव्ही संख्या मानला, तर शून्य गळून नुसते ४२ उरतात! कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक मात्र गणिताने ठरतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या या सुंदर युक्तीमुळे एक अंक चुकला, तरी बँकेला न विचारता चूक कळते.

भारतात १ ऑक्टोबर २०२२पासून विक्रेत्यांना पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. ओळखीपुरते शेवटचे चार अंक चालतात. क्रमांकाच्या जागी टोकन येते. ते त्या कार्डाशी आणि त्या विक्रेत्याशी बांधलेले असल्याने चोरीला गेले, तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही.