चेंडू न पाहणारा मोजणीदार

गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, ‘ड्रायव्हरने किती लांब मारता?’ उत्तर बहुधा 250 यार्ड असं येतं. आकडा अगदीच खोटा नसतो. वारा पाठीशी असताना, उन्हाने कडक झालेल्या उताराच्या फेअरवेवर कधीतरी चेंडू टप्पे घेत तिथवर गेलेला असतो आणि तेवढा एकच फटका मनात घर करून बसलेला असतो. अमेरिकेतल्या आर्कोस कंपनीकडे हौशी खेळाडूंच्या लक्षावधी राउंडची नोंद आहे. तिच्यात पुरुषांच्या ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी 220 ते 225 यार्डांच्या आसपास भरते. मधले पंचवीस-तीस यार्ड खेळाडूच्या कौतुकाचे. या कौतुकापायी किती चेंडू तळ्यात गेले असतील याची मोजदाद नाही, पण ती करता येईल अशी यंत्रं गेल्या दहा-बारा वर्षांत आली आहेत.

दिसायला ती काहीच नाहीत. क्लबच्या रबरी ग्रिपच्या टोकाला बारीक भोक असतं. त्यात बटणाएवढा टॅग पिळून बसवायचा. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब चालतात, तेव्हा तितके टॅग. आपल्या मालकाचं नाव प्रत्येक टॅगला ठाऊक असतं: हा ड्रायव्हर, हा सात नंबरचा आयर्न, हा पटर. दुसरा भाग खेळाडूच्या अंगावर असतो. कुणाचा पट्ट्याला अडकवायचा, कुणाचा मनगटावर घड्याळासारखा. एकदा बसवलं की खेळाडूने ते विसरून जावं, अशी बनवणाऱ्यांची अपेक्षा.

नव्या गिऱ्हाइकाच्या एक गोष्ट सहसा उशिरा लक्षात येते. या यंत्राला चेंडू दिसत नाही. कुठल्याही अर्थाने नाही. त्यात कॅमेरा नाही, रडार नाही, चेंडूत चिप बसवलेली नाही. त्याला कळतं ते इतकंच, की अमुक ठिकाणी उभं राहून या माणसाने अमुक क्लबने फटका मारला. ठिकाण जीपीएसने कळतं, क्लब टॅगवरून. चेंडू किती लांब गेला हे त्या क्षणी त्याला माहीत नसतं. खेळाडू चालत पुढे जातो, चेंडूपाशी उभा राहून पुढचा फटका मारतो, तेव्हा कुठे आधीच्या फटक्याची लांबी ठरते. भूमी अभिलेखचा मोजणीदार जसा दगडापासून दगडापर्यंत मोजतो, मधल्या पिकाशी त्याला देणंघेणं नसतं, तसंच हे.

या एका गोष्टीतून बाकीचं सगळं निघतं. चेंडू हवेतून किती गेला आणि घरंगळत किती गेला, हे वेगळं सांगता येत नाही. मिळते ती बेरीज. म्हणजे तळ्यावरून चेंडू पलीकडे पडेल का, या नेमक्या प्रश्नाला हा आकडा अपुरा. चेंडू हद्दीबाहेर गेला, खेळाडूने दंडाचा फटका धरून दुसरा चेंडू टाकला, तर तो दंड हाताने लिहावा लागतो. शेवटच्या पटनंतर, म्हणजे पटरने चेंडू भोकात ढकलल्यावर, पुढचा फटकाच नसतो, मग चेंडू थांबला कुठे? त्यासाठी एडिंबराच्या शॉट स्कोप कंपनीने सोपी युक्ती काढली: भोकापाशी उभं राहून घड्याळाचं बटण दाबा, झेंड्याची जागा नोंदवा, किती पट लागले तेही तिथेच सांगा. जीपीएसची चूक उघड्या मैदानातही तीन-चार मीटरची असते. दीडशे यार्डांच्या फटक्यात ती खपून जाते. सहा फुटांच्या पटमध्ये चूक पटपेक्षा मोठी.

पण फटका मारला हे तरी कसं कळतं? इथे प्रत्येकाने वेगळी वाट धरली. आयर्लंडच्या जॉन मॅग्वायर यांनी काढलेलं ‘गेम गोल्फ’ 2013 मध्ये लोकवर्गणीतून पुढे आलं. त्याचं रूप इव्ह बेहार या नामांकित डिझायनरने घडवलं होतं. त्यात फटक्याआधी ग्रिपचं टोक पट्ट्यावरच्या यंत्राला टेकवायचं. बँकेचं कार्ड दुकानातल्या मशीनला टेकवतो त्याच एनएफसी तंत्राने क्लबची नोंद होते. अंदाजाला जागाच नाही. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. अडचण एवढीच की माणूस विसरतो, आणि विसरतो तो नेमका वाईट फटक्यानंतर, चिडलेला असताना.

आर्कोसने विसरण्याची सोय ठेवली नाही. तिच्या सेन्सरमध्ये प्रकाश ओळखणारा भाग आहे. पिशवीत ग्रिप खाली अंधारात असते तोवर सेन्सर झोपलेला. क्लब बाहेर काढला की जागा. क्लबचा आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो, पण त्याला आवाज असतो, आणि तो आवाज खिशातल्या फोनचा मायक्रोफोन टिपतो. हवेत घेतलेला सरावाचा स्विंग आणि खरा फटका यांतला फरक या टकटकीवरून ठरतो. फोन पुढच्या खिशातच ठेवण्याची ही सक्ती बऱ्याच जणांना जाचली, तेव्हा 2020 मध्ये कंपनीने पट्ट्याला लावायचं ‘लिंक’ आणलं. शॉट स्कोपच्या टॅगमध्ये तर बॅटरीच नाही. घड्याळातला अँटेना हातातल्या ग्रिपचा टॅग ओळखतो आणि मनगटाच्या हालचालीवरून फटका ठरवतो. त्या कंपनीला वार्षिक वर्गणीही नाही, आर्कोसला आहे. खिशाचा विचार करणाऱ्याला हा फरक लहान नाही.

तरीही चुका होतात. हळुवार, आखूड ‘चिप’ फटक्याचा आवाज विरतो. भोकाच्या काठावरून सहज एका हाताने ढकललेला पट गळतो. सरावात गवताला घासलेला क्लब फटका म्हणून चढतो. आपल्याकडे एक जादा भानगड. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबसारख्या मैदानांवर पिशवी कॅडीच्या खांद्यावर असते. फोन पिशवीत राहिला आणि कॅडी तीस यार्ड पुढे जाऊन उभा राहिला, तर फटका त्याच्या जागेवरून मारल्याची नोंद होणार. म्हणून राउंड संपल्यावर खेळाडू सरबत समोर ठेवून फोनवर भुताचे फटके खोडत, गाळलेले भरत बसलेला दिसतो. इथे मोहाचा क्षण येतो. खोडताना एखादा खराही फटका खोडता येतो, आणि यंत्र तक्रार करत नाही.

या नोंदींचं करायचं काय, याचं उत्तर गोल्फच्या मैदानावर नव्हे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मिळालं. तिथे बिझनेस स्कूलमध्ये शिकवणारे मार्क ब्रॉडी यांनी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही मोजपद्धत मांडली. कल्पना साधी आहे. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचा व्यावसायिक आठ फुटांवरून निम्म्या वेळा एका पटमध्ये चेंडू घालतो, म्हणजे त्या जागेची किंमत दीड फटका. तिथून तुम्ही एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. तेहतीस फुटांवर किंमत दोन फटके. अशी किंमत टीवर, गवतात, वाळूत, कुठेही काढता येते, आणि मग प्रत्येक फटक्याचा जमाखर्च मांडता येतो. टूरवर लेझर घेतलेले स्वयंसेवक चेंडूची जागा मोजत, त्या ‘शॉटलिंक’च्या आकड्यांवर हे उभं राहिलं. 2011 पासून टूरने पटिंगसाठी ही मोजणी अधिकृतपणे वापरायला घेतली. पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी याच टूरच्या 2022 च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्याने मागे राहून दुसरा आला. अशा स्पर्धेत खेळाडूला स्वतः काही अंगावर बांधावं लागत नाही. सगळी मोजणी टूर करते. टॅग आणि घड्याळ ही त्याच सोयीची हौशी आवृत्ती.

ब्रॉडी यांच्या हिशेबातून निघालेली गोष्ट क्लबातल्या गप्पांना धक्का देणारी होती. सामने पटिंगवर जिंकले जातात, हे जुनं ब्रह्मवाक्य. अव्वल व्यावसायिकांच्या सरशीत पटिंगचा वाटा जेमतेम 15 टक्के निघाला; ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा सुमारे 40. हौशी खेळाडू मात्र सरावाला वेळ मिळाला की पटिंग ग्रीनवरच रेंगाळतो. तिथे घामही कमी येतो, हेही खरं.

आता टॅगही नकोत, अशी नवी टूम आहे. गार्मिनची घड्याळं नुसत्या मनगटाच्या झटक्यावरून फटका ओळखतात. 2023 मध्ये ॲपलने आपल्या नव्या घड्याळातला सेकंदाला 800 नोंदी घेणारा त्वरणमापक ॲप बनवणाऱ्यांना खुला केला, आणि गोल्फची ॲप्स तो वापरू लागली. फटका त्यांना कळतो; हातात आठ नंबर होता की नऊ, हे पुन्हा बोटाने सांगावं लागतं. टॅग इतक्यात जाणार नाहीत, असं मला वाटतं.

कंपन्यांना खरं आकर्षण सल्ल्याचं आहे. आर्कोसने 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने फोनमधला ‘कॅडी’ आणला. वारा, चढ-उतार आणि तुमचे जुने फटके बघून तो क्लब सुचवतो. सरावाच्या राउंडमध्ये खुशाल ऐका. स्पर्धेत मात्र गोल्फच्या नियम 4.3 ने हे निषिद्ध आहे. 2019 पासून अंतर मोजायला सरसकट परवानगी आहे, पण चढ-उतार मोजणं आणि क्लबची शिफारस घेणं नाही. पहिल्या चुकीला स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्यांदा स्पर्धेतून बाद. एकाच ॲपमधलं अंतराचं पान कायदेशीर आणि शेजारचं सल्ल्याचं पान दोन फटक्यांचं. पिशवी उचलणारा कॅडी मात्र तेच वाक्य मोकळेपणाने बोलू शकतो, नियम त्याला कुठेच अडवत नाहीत: “सर, सेव्हन नको, आज हवा समोरून आहे. सिक्स घ्या.”